झोनिंग बोर्डाच्या सुनावणीआधी, न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. मुख्य रस्त्यावरच्या रिकाम्या ऑफिसच्या इमारतीत मशीद करायची म्हणून अर्ज आलाय, गुरुवारी झोनिंग बोर्डापुढे (कुठली जागा कशासाठी वापरता येईल हे ठरवणाऱ्या टाउनशिपच्या मंडळापुढे) सुनावणी आहे, सगळ्यांनी जाऊन विरोध करा आणि सोबतच्या पिटिशनवर सही करा. बघता बघता त्याखाली ओळखीच्या नावांची रांग लागली. ज्यांच्या घरी मी गौरीच्या हळदीकुंकवाला जाते, ज्यांच्या मुलांबरोबर माझी मुलं मराठी शाळेत बसली, अशी माणसं त्यात आहेत. म्हणून हे पत्र बोर्डाला नाही, तुम्हाला लिहिते आहे. बोर्डापुढे जे बोलायचं ते मी गुरुवारी बोलेनच.

माझी विनंती सरळ आहे. त्या पिटिशनवर सही करू नका. केली असेल तर मागे घ्या. आणि तरीही सुनावणीला जरूर या.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. दुकानं, दवाखाने, डे-केअर यांचे साइट प्लॅन काढणं आणि ते बोर्डापुढे मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. या अर्जाशी माझा कामाचा काही संबंध नाही, पण म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये जाऊन मी त्याचे कागद वाचले आहेत. ते कोणालाही वाचता येतात, आणि मेसेज पुढे ढकलण्याआधी कोणीतरी वाचायला हवे होते. इमारत तुमच्या रोजच्या पाहण्यातली आहे. दुमजली, विटांची, खाली दातांचे डॉक्टर होते आणि वर विमा एजंट. कोविडनंतर ती बंदच आहे. अर्जात घुमट नाही, मिनार नाही, एक मजलासुद्धा वाढत नाही. आतल्या दोन भिंती पाडून तळमजल्यावर नमाजाची जागा, वर मुलांचे रविवारचे वर्ग, मागच्या गवतावर पार्किंगची एक जादा ओळ. बाहेर लाउडस्पीकर लावणार नाही असं त्यांनी लेखी दिलंय. तो भाग ऑफिस झोनमध्ये येतो आणि तिथे प्रार्थनास्थळाला थेट परवानगी नाही, म्हणून त्यांना ‘यूज व्हेरियन्स’, म्हणजे त्या नियमातून खास सूट, मागावी लागतेय. ‘गुपचूप चाललंय’ असं मेसेजमध्ये म्हटलंय. २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, शिवाय ती जाहीरही करावी लागते. ती दिली गेली आहे. माझ्या मैत्रिणीच्या घरी ती फ्रिजवर लावलेली मी पाहिली.

आता या व्हेरियन्सचं गणित. बोर्ड सात जणांचं असतं आणि अशा अर्जाला नुसतं बहुमत पुरत नाही, पाच मतं लागतात. बेयॉन शहरात २०१७ साली नेमकं हेच झालं. तिथल्या मुस्लिम लोकांनी एक जुनं गोदाम विकत घेतलं होतं. त्याआधी ते एका कॅथलिक शाळेच्या तळघरात भाड्याने नमाज पढत. बोर्डात चार मतं बाजूने पडली, तीन विरोधात, आणि अर्ज नामंजूर झाला. ते कोर्टात गेले, फेडरल न्याय खात्यानेही चौकशी सुरू केली, आणि वर्षाच्या आत शहराने तडजोड केली. ४ लाख डॉलर दिले, पुन्हा सुनावणी घेतली आणि परवानगीही दिली.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण आपल्या ग्रुपवर असा समज दिसतो की शंभर सह्या जमल्या की बोर्ड नाही म्हणेल आणि विषय संपेल. न्यू जर्सीची न्यायालयं शाळा आणि हॉस्पिटलांप्रमाणे प्रार्थनास्थळालाही मुळातच लोकोपयोगी वापर मानतात. ते देऊळ असो, चर्च असो की मशीद. १९९२ च्या ‘सिका विरुद्ध वॉल टाउनशिप’ या निकालाने बोर्डांना रीतच घालून दिली आहे: लोकांचा फायदा किती ते बघा, शेजाऱ्यांना खरा त्रास काय होईल ते ठरवा, तो वाजवी अटी घालून कमी करता येतो का ते पाहा, आणि मग दोन्ही तोलून निर्णय द्या. त्याच्यावर २००० सालचा फेडरल कायदा आहे, रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स ॲक्ट. आमच्या धंद्यात सगळे त्याला ‘आरलूपा’ म्हणतात. झोनिंगच्या आडून एखाद्या धर्माच्या लोकांवर कारण नसताना बोजा टाकता येणार नाही, आणि एका धर्माला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावता येणार नाही, असं तो सांगतो. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला होता. आपण ज्या देवळांत जातो त्यांच्या विश्वस्तांना विचारा, तेही याच कायद्याच्या छत्राखाली उभे आहेत.

बास्किंग रिजचं प्रकरण तर आपल्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांदेखत घडलं. इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिजने २०१२ साली बर्नार्ड्‌स टाउनशिपकडे अर्ज केला. चार एकर जागा, जिथे प्रार्थनास्थळाला तेव्हा परवानगी होती. संस्थेचे अध्यक्ष मोहम्मद अली चौधरी हे त्याच टाउनशिपचे माजी मेयर. तरी साडेतीन वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या. ३९! मी या धंद्यात आहे म्हणून सांगते, मोठमोठे शॉपिंग सेंटर याच्या पाव सुनावण्यांत मंजूर होतात. एकदा पाण्याचा निचरा, एकदा कुंपण, एकदा अग्निशमन दलाची गाडी वळेल का, प्रत्येक उत्तरानंतर नवा प्रश्न. सगळ्यात बोलकी गोष्ट पार्किंगची. गावच्या नियमानुसार दर तीन आसनांमागे एक जागा, म्हणजे दीडशे माणसांना ५०. हाच नियम तिथल्या चर्चना आणि सिनेगॉगना लावला होता. मशिदीकडे मात्र १०७ मागितल्या. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. साधारण वर्षभराने, २०१६ च्या शेवटच्या दिवशी फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की पार्किंगची ही दोन मापं म्हणजे उघड भेदभाव आहे. मे २०१७ मध्ये ३२.५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि मशिदीला परवानगी द्यावी लागली.

त्याआधी ब्रिजवॉटर. २०११ मध्ये अल् फलाह सेंटरला माउंटन टॉप रोडवरचं रेडवूड इन, म्हणजे लग्नाकार्याचा जुना बँक्वेट हॉल, मशीद म्हणून वापरायचा होता. पहिल्याच सुनावणीला शेकडो लोक आले. मग टाउनशिपने घाईघाईने झोनिंगचा नियम बदलला आणि प्रार्थनास्थळं फक्त काही ठरावीक मोठ्या रस्त्यांवरच चालतील असं ठरवलं. अर्ज आधीपासून दाखल होता, नियम मागाहून आला. तेही कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये ७७.५ लाख डॉलरला मिटलं. त्यातूनच त्यांना दुसरी जागा देण्यात आली.

हे पैसे विम्यातून का होईना, गावाचेच जातात. पण मी हे पैशाच्या भीतीने लिहीत नाही. सुनावणीत शपथेवर बोललेलं प्रत्येक वाक्य रेकॉर्डवर जातं, पिटिशनवरचा मजकूरही फाइलला लागू शकतो. उद्या कोर्टात वकील तो मोठ्याने वाचून दाखवू शकतो. आपल्या पिटिशनची पहिली ओळ आहे, ‘या भागाचं स्वरूप बदलेल’. आपण इथे आलो तेव्हा आपल्याबद्दल हेच म्हटलं गेलं होतं, याच शब्दांत. जुन्या मंडळींना १९८७ सालची जर्सी सिटी आठवते. टिकल्या लावणाऱ्यांना शहरातून हाकलू अशी धमकी देणारं पत्र ‘डॉटबस्टर्स’ नाव घेणाऱ्यांनी वर्तमानपत्राला पाठवलं होतं, आणि त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाचा मारहाणीत जीव गेला. नव्वदच्या दशकात एडिसनच्या नवरात्रोत्सवावर टाउनशिपने वेळेची आणि इतर बंधनं लादली, तेव्हा आयोजकांना धर्मस्वातंत्र्याचा हक्क घेऊन फेडरल कोर्टात जावं लागलं. आपली पोरं ज्या गरब्याला रात्री उशिरापर्यंत खेळतात, तो या राज्यात कोणी आपणहून ताटात वाढलेला नाही.

न्यूयॉर्कला क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणपतीच्या दर्शनाला तुमच्यातले बहुतेक जण गेलेले आहेत. खाली कँटीनमध्ये डोसाही खाल्ला असेल. ते देऊळ ज्या बाउन स्ट्रीटवर आहे त्या रस्त्याला नाव कोणाचं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सतराव्या शतकात तिथे डचांची वसाहत होती. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आसरा द्यायला बंदी घातली. २७ डिसेंबर १६५७ रोजी फ्लशिंगच्या सुमारे तीस गावकऱ्यांनी त्याला एक अर्ज लिहिला की हे आम्ही पाळू शकत नाही, आमच्या दारी जो येईल त्याला आम्ही घरात घेऊ. त्या अर्जात ज्यूंचा आणि तुर्कांचाही उल्लेख आहे. म्हणजे मुसलमानांचा, जे त्या गावात बहुधा कोणी पाहिलेही नव्हते. सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. स्वतःसाठी त्यांना काही मागायचं नव्हतं. त्यातल्या काहींना तुरुंगात टाकलं, नोकरीवरून काढलं. पाच वर्षांनी जॉन बाउन नावाच्या शेतकऱ्याने क्वेकरांना आपल्या राहत्या घरात प्रार्थना करू दिली. राहत्या घराचा प्रार्थनेसाठी वापर! त्याला पकडलं, दंड केला, त्याने भरायला नकार दिला म्हणून देशाबाहेर घालवलं. तो ॲमस्टरडॅमला पोचला आणि डच वेस्ट इंडिया कंपनीच्या मालकांपुढेच त्याने दाद मागितली. १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला कळवलं की लोकांना त्यांच्या श्रद्धेप्रमाणे राहू द्या.

बाउनचं ते घर अजून आहे. तिथून त्याच रस्त्याने दक्षिणेला चालत गेलं की आपला गणपती लागतो. हिंदू टेंपल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका १९७० साली नोंदवली गेली, आणि जागा म्हणून त्यांना मिळालं ते एक जुनं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च. भारतात घडवलेले दगड समुद्रमार्गे आले आणि ४ जुलै १९७७ ला प्राणप्रतिष्ठा झाली. दुसऱ्या धर्माची वापरात नसलेली इमारत घेऊन तिथे आपला देव बसवायची परवानगी आपल्या लोकांनी मागितली, ती मिळाली, आणि आज त्या देवळाच्या आजूबाजूला सिनेगॉग, गुरुद्वारा, चिनी आणि कोरियन चर्च सगळं नांदतं. अमेरिकेतल्या आपल्या सुरुवातीच्या देवळांपैकी ते एक. सही करायचीच असेल तर फ्लशिंगच्या गावकऱ्यांसारखी करा, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या महिन्यात अर्जदारांनी शेजाऱ्यांसाठी ओपन हाउस ठेवलं होतं. मी गेले होते. आपल्यातले मला तिथे दोघेच दिसले. चहाच्या टेबलापाशी एक वयस्क बाई सांदणं वाटत होत्या, फणसाची. मी मराठीत विचारलं तर त्या खेडच्या निघाल्या, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांनी सांगितलं ते असं. सध्या ही मंडळी शुक्रवारी फायर कंपनीचा, म्हणजे अग्निशमन दलाचा, हॉल भाड्याने घेतात. गुंडाळलेल्या सतरंज्या दोन मिनीव्हॅनमध्ये भरून आणायच्या, आदल्या रात्रीच्या पार्टीचा बिअरचा वास जाईपर्यंत फरशी दोनदा पुसायची, पट्ट्या चिकटवून किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा आखायची आणि दीड तासात सगळं पुन्हा आवरून किल्ली द्यायची. हॉलमध्ये कोणाचं लग्न असलं की त्या शुक्रवारी जागाच नाही. हे ऐकताना मला आपल्या गणेशोत्सवाची शाळेच्या ऑडिटोरियममधली धावपळ समोर दिसत होती. कस्टोडियन घड्याळ बघत उभा आणि आपण मखराचे खिळे काढतोय. आपण हे वर्षातून एकदा करतो. त्यांना ते दर आठवड्याला करावं लागतं.

ग्रुपवर आणखी एक गोष्ट चालू आहे, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. भारतातल्या भोंग्यांचे व्हिडिओ, तिकडच्या दंगलींच्या बातम्या, तिकडचे नेते काय म्हणाले, हे सगळं या अर्जाच्या संदर्भात टाकलं जातंय. तिकडे कोणाचं काय चुकलं, कोणावर अन्याय झाला, याबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील, असू द्या. काहींच्या मनात खरी जखम आहे, तीही मी नाकारत नाही. पण त्या इमारतीत जे येणार आहेत ते आपल्या बसस्टॉपवर मुलांना सोडणारे, आपल्याच फार्मसीत काम करणारे, आपल्या वडिलांचा कार्डिओग्राम वाचणारे शेजारी आहेत. मुंबईत किंवा मालेगावात काय घडलं याचा जाब न्यू जर्सीच्या एका टाउनशिपच्या झोनिंग बोर्डापुढे त्यांनी का द्यायचा? आपल्याला कोणी भारतातल्या एखाद्या घटनेचा जाब विचारून देवळाची परवानगी अडवली तर आपण काय म्हणू?

आता काळजीचे मुद्दे. त्यातले काही अगदी खरे आहेत आणि ते मांडायलाच हवेत. शुक्रवारची मुख्य नमाज दुपारी असते, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीशी तिचा सामना होत नाही. पण नमाज दोन तुकड्यांत होणार असेल तर पहिली तुकडी निघताना दुसरी येते, आणि मधल्या वीसेक मिनिटांत पार्किंगवर ताण येतो. दोन तुकड्यांमध्ये किती वेळ ठेवणार, हे ट्रॅफिक इंजिनीअरला विचारा. रमजानमध्ये महिनाभर रात्री उशिरा तरावीहची नमाज असते. मागच्या घरांच्या खिडक्यांवर गाड्यांचे दिवे पडतील, तेव्हा तिथे आर्बरव्हायटीसारख्या दाट झाडांची ओळ किंवा भरीव कुंपण मागा. दिव्यांच्या खांबांची उंची विचारा, ते किती वाजता मंद होणार ते विचारा. दोन्ही ईदला जादा गाड्या कुठे लावणार, शेजारच्या ऑफिस पार्कशी लेखी करार आहे का, कोपऱ्यावर पोलीस उभा करणार का? १ जानेवारीला आणि दिवाळीला आपल्या देवळांत काय गर्दी उसळते आणि ती कशी सांभाळली जाते ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, तोच अनुभव इथे उपयोगी पडेल.

आणि पाणी. माझ्या मते या अर्जातला खरा कच्चा दुवा हाच आहे. मागच्या गवतावर पार्किंग वाढलं की तितकं पाणी मुरायचं थांबतं, आणि त्या गटाराची गत १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, आयडा वादळाच्या पावसात, त्या गल्लीतल्या लोकांनी तळघरात गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिली आहे. डिटेन्शन बेसिन, म्हणजे पावसाचं पाणी साठवून हळूहळू सोडणारा खड्डा, कुठे आहे, तो किती पावसासाठी काढलाय, त्याची साफसफाई कोण करणार, हे विचारायलाच हवं. मी विचारणार आहे. जादा ओळीसाठी पाणी मुरू देणारी फरशी वापरा, अशी अट बोर्डाने घालावी असं मी म्हणणार आहे. तिथे उद्या बँक आली असती तरी मी हेच विचारलं असतं, आणि एवढीच कसोटी तुम्ही तुमच्या प्रश्नाला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाकीचे दोन मुद्दे थोडक्यात. घरांच्या किमती पडतील, ही नुसती धास्ती बोर्डापुढे टिकत नाही, त्याला तज्ज्ञाचा पुरावा लागतो. आणि प्रॉपर्टी टॅक्स बुडेल म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तो आपली देवळंही भरत नाहीत.

गुरुवारी सुनावणी साडेसातला आहे. आधी अर्जदारांचे साक्षीदार बोलतील: इंजिनीअर, ट्रॅफिकचे तज्ज्ञ, प्लॅनर. प्रत्येकाचं झालं की लोकांना प्रश्न विचारता येतात, तेव्हा फक्त प्रश्नच विचारायचे. मत मांडायची पाळी सगळ्यात शेवटी, शपथ घेऊन. एका रात्रीत हे संपेलच असं नाही, तेव्हा पुढची तारीखही लिहून घ्या. पिटिशनवरून नाव काढायचं असेल तर बोर्डाच्या सेक्रेटरीला दोन ओळींची ईमेल पुरते. ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकला त्यांच्याशीही मी फोनवर बोलले आहे. आमचं पटलेलं नाही, पण प्लॅन बघायला यायचं त्यांनी कबूल केलंय. साडेसहालाच मी नकाशाच्या मोठ्या प्रती घेऊन खालच्या लॉबीत बसेन. ज्यांना पार्किंग आणि निचऱ्याचे कागद समजून घ्यायचे आहेत त्यांनी तिथे या, सही केलेल्यांनीही या.

तुमची,
याच टाउनशिपमधली एक मराठी शेजारीण